‘प्रादेशिक दृष्टिकोन’ हे हितसंबंधांचेच दुसरे नाव आहे का?

आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या चर्चेत ‘आग्नेय आशियाचा दृष्टिकोन’, ‘आफ्रिकेचा दृष्टिकोन’, ‘पॅसिफिक बेटांचा दृष्टिकोन’ असे शब्द सतत कानावर पडतात. हे दृष्टिकोन खरोखरच वेगळे असतात, की प्रत्येक देश आपापला स्वार्थ पाहतो आणि त्याला प्रदेशाचे भारदस्त नाव देतो, असा प्रश्न विचारला गेला आहे. शिवाय, ते वेगळे असतील तर बाहेरच्या अभ्यासकाने ते ओळखायचे कसे, हेही विचारले आहे. सागरी सुरक्षेचे कागद वाचण्यात, मसुदे करण्यात आणि तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने उत्तरात समुद्राकडची उदाहरणे जास्त येतील, हे आधीच सांगून ठेवतो.

स्वार्थ सर्वांनाच असतो, याबद्दल वाद नाही. मात्र स्वार्थ कशात आहे हे ठरवण्याआधी धोका कोणता हे ठरवावे लागते, आणि धोक्यांची क्रमवारी प्रत्येक प्रदेश आपला भूगोल आणि आपल्याला पूर्वी बसलेले घाव यांवरून लावतो. म्हणूनच सारखाच स्वार्थ असलेले दोन देशही एकाच प्रसंगी वेगळे वागताना दिसतात. हे नीट कळण्यासाठी मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे थोडे सविस्तर पाहू.

मलेशिया, इंडोनेशिया आणि सिंगापूर यांच्यामधून जाणारा हा जलमार्ग सिंगापूरजवळच्या फिलिप्स चॅनेलपाशी तीन किलोमीटरपेक्षाही अरुंद होतो, आणि पूर्व आशियाचे तेल व माल मोठ्या प्रमाणावर येथूनच जाते. या शतकाच्या सुरुवातीला तेथे चाचेगिरी वाढली होती, आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर एखादे तेलवाहू जहाज दहशतवाद्यांच्या हाती पडेल, ही भीती वॉशिंग्टनमध्ये बळावली होती. मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक कमांडचे तत्कालीन प्रमुख अॅडमिरल थॉमस फार्गो यांनी एका प्रादेशिक सागरी सुरक्षा उपक्रमाची कल्पना अमेरिकी काँग्रेससमोर मांडली, आणि वेगवान बोटींतून अमेरिकी सैनिक सामुद्रधुनीत उतरू शकतात, अशा बातम्या पसरल्या. सिंगापूरला ही कल्पना फारशी खटकली नाही. मलेशिया आणि इंडोनेशिया मात्र उसळले. पुढे अमेरिकेने, गस्तीसाठी सैनिक पाठवण्याचा बेत नव्हता, असा खुलासा केला आणि तो उपक्रम मागे पडला.

हितसंबंधांच्या हिशेबाने पाहिले तर हा नकार चमत्कारिक वाटतो, कारण चाच्यांचा उपद्रव मलेशिया आणि इंडोनेशियालाही होताच, जहाजे आणि विमाने कमी पडत होती, आणि कोणी फुकट मदत देत असेल तर ती घेण्यात व्यवहारी शहाणपण होते. या नकाराचे मूळ चाचेगिरीत शोधून सापडणार नाही. डच राजवटीपासून चालत आलेल्या १९३९ च्या कायद्यानुसार इंडोनेशियाच्या प्रत्येक बेटाभोवती फक्त तीन सागरी मैलांचे पाणी त्या देशाचे धरले जात असे. म्हणजे जावा आणि बोर्निओ यांच्यामधला समुद्र खुला होता, आणि स्वातंत्र्यानंतरही, पश्चिम न्यू गिनीचा वाद पेटलेला असताना, डच युद्धनौका त्यातून बिनदिक्कत जाऊ शकत होत्या. १३ डिसेंबर १९५७ रोजी जुआंडा घोषणापत्राद्वारे इंडोनेशियाने बेटांमधले सगळे पाणी आपले असल्याचे जाहीर केले, आणि १९८२ च्या सागरी कायदा करारात द्वीपसमूह-राष्ट्राचे तत्त्व मान्य होईपर्यंत त्यासाठी पंचवीस वर्षे झगडा दिला. इंडोनेशियाच्या भाषेत मातृभूमीला ‘तानाह आईर’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘जमीन-पाणी’. ज्या देशाच्या मायदेशाच्या नावातच पाणी आहे, त्याला परक्या गस्ती नौकेत आधी नौका दिसत नाही, परकेपण दिसते.

आता त्यांनी पुढे काय केले ते पाहा, कारण नुसता नकार म्हणजे दृष्टिकोन नव्हे. जुलै २००४ मध्ये तिन्ही देशांनी गस्त सुरू केली, पण ती ‘संयुक्त’ नव्हती, ‘समन्वित’ होती. फरक शब्दांचा वाटला तरी तो पाण्यावर स्पष्ट दिसतो. संयुक्त गस्तीत जहाजे एका आज्ञेखाली, एकमेकांच्या हद्दीत फिरतात. समन्वित गस्तीत प्रत्येक जहाज आपल्याच हद्दीत राहते, आणि संशयित बोट सीमारेषा ओलांडू लागली की पलीकडच्या जहाजाला बिनतारी संदेश देऊन थांबते. चाच्यांच्या दृष्टीने ही सोयच होती, हे मान्य केले पाहिजे. जून २००५ मध्ये लंडनच्या विमा बाजाराशी संबंधित संयुक्त युद्ध समितीने सामुद्रधुनीला युद्धजोखमीच्या यादीत टाकले, तेव्हा विमा महाग होण्याच्या चिंतेने कामाला वेग आला. सप्टेंबर २००५ पासून हवाई टेहळणी सुरू झाली. विमान एका देशाचे, पण आत सहभागी देशांचे अधिकारी बरोबर बसलेले, आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत विमानाने यायचे नाही, अशी अट. विमानाची खिडकी दुसऱ्याच्या घरात डोकावू नये याची केवढी ही काळजी! पण ऑगस्ट २००६ मध्ये सामुद्रधुनी त्या यादीतून बाहेर आली, आणि २००८ मध्ये थायलंडही या गस्तीत सामील झाला.

या प्रकरणातून मी वर्गात एकच गोष्ट ठसवतो. बाहेरच्या सत्तेच्या दृष्टीने तो प्रश्न ‘मार्ग सुरक्षित कसा ठेवायचा’ हा होता, तर किनाऱ्यावरच्या दोन देशांच्या दृष्टीने तो ‘मार्ग कोण सुरक्षित ठेवणार’ हा होता. दोघेही चाचेगिरी हाच शब्द वापरत होते, म्हणून गैरसमज वाढला.

हा फरक नकाशावरच्या रेघांतही उमटतो. अमेरिकी संरक्षण विभाग जगाची वाटणी लष्करी कमांडांमध्ये करतो. मे २००८ मध्ये तुम्ही त्या नकाशाकडे पाहिले असते किंवा ३० मे २०१८ नंतर, म्हणजे पॅसिफिक कमांडचे नाव ‘इंडो-पॅसिफिक कमांड’ झाल्यावर, तरी एक रेघ तेथेच दिसली असती: भारत एका कमांडमध्ये आणि पाकिस्तान मध्यवर्ती कमांडमध्ये. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तर आता तीन कमांडांत विभागलेला आहे. त्यामुळे दिल्लीला जो समुद्र सलग वाटतो, तो त्या नकाशात तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या अखत्यारीत जातो. १ जून २०१८ रोजी सिंगापूरला भरणाऱ्या शांग्री-ला या सुरक्षाविषयक परिषदेत भारताच्या पंतप्रधानांनी हिंद-प्रशांत क्षेत्राची व्याप्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत सांगितली, ती या पार्श्वभूमीवर ऐकायला हवी. फ्रान्स स्वतःला याच क्षेत्रातला रहिवासी म्हणवतो, कारण रीयुनियन, मायोत, न्यू कॅलेडोनिया आणि फ्रेंच पॉलिनेशिया येथे त्याचे सोळा लाखांच्या आसपास नागरिक राहतात. आग्नेय आशियाई देशांच्या ‘आसियान’ या संघटनेने जून २०१९ मध्ये या क्षेत्राबद्दलचा आपला ‘दृष्टिक्षेप’ प्रसिद्ध केला. त्यात कोणत्याही बड्या सत्तेला प्रतिस्पर्धी म्हणून नाव घेऊन बोट दाखवलेले नाही, आणि मध्यवर्ती स्थान ‘आसियान’लाच असावे हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. ‘हिंद-प्रशांत’ हा शब्द एकच, नकाशे चार.

पॅसिफिक महासागरातील बेटांचा दृष्टिकोन बाहेर सर्वांत कमी गांभीर्याने घेतला जातो, आणि माझ्या मते तो सर्वांत काटेकोर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये नाउरू येथे पॅसिफिक आयलंड्स फोरम या तिथल्या देशांच्या संघटनेने स्वीकारलेल्या बोए घोषणापत्रात हवामानबदल हाच या प्रदेशातील लोकांच्या उपजीविकेला, सुरक्षेला आणि कल्याणाला असलेला सर्वांत मोठा एकमेव धोका असल्याचे म्हटले आहे. जून २०२२ मध्ये शांग्री-ला परिषदेत फिजीचे तत्कालीन संरक्षणमंत्री इनिया सेरुइराटू यांनी, मशीनगन, लढाऊ विमाने आणि करड्या युद्धनौका ही आमची मुख्य सुरक्षाचिंता नाही, अशा आशयाचे विधान केले. त्याआधी दोनच महिने सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला होता आणि बाकीची परिषद त्याच चिंतेत बुडालेली होती. अशा विधानांना मोठ्या देशांतले सामरिक विश्लेषक पर्यावरणवाद्यांची तळमळ समजून बाजूला ठेवतात. मीही अनेक वर्षे तेच केले.

माझे मत बदलले ते सागरी हद्दीचा कायदा पुन्हा वाचताना. किरिबाटीची जमीन सुमारे ८११ चौरस किलोमीटर आहे, आणि तिच्याभोवतीचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातल्या मासळीवर आणि साधनसंपत्तीवर त्याच देशाचा हक्क असतो तो समुद्र, जवळपास ३५ लाख चौरस किलोमीटर आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा या पाण्यात टूना पकडण्याचे परवाने विकून येतो. आता हे क्षेत्र मोजायचे कोठून? सर्वसाधारण नियमाप्रमाणे किनाऱ्याच्या ओहोटीच्या रेषेपासून. पाणी वर चढले आणि ती रेषा मागे सरकली, किंवा माणसे राहू शकतील असे बेट नुसता खडक होऊन उरले, तर कायद्याच्या पुस्तकातून हजारो चौरस किलोमीटरचा समुद्र कोणीही गोळी न झाडता निसटू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये फोरमच्या नेत्यांनी, एकदा निश्चित झालेले सागरी हद्दींचे क्षेत्र पाणीपातळी वाढली तरी कमी होणार नाही, असे जाहीर केले, त्याचे कारण हे आहे. ही भूमी राखण्याचीच भाषा आहे, फक्त समोर शत्रूचे सैन्य नाही.

त्यातही या प्रदेशाला परक्या संरक्षणाचा अनुभव आहे. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या, आणि फ्रान्सच्या पॉलिनेशियातील चाचण्या १९९६ पर्यंत चालल्या. १९८५ चा रारोटोंगा करार, ज्याने दक्षिण पॅसिफिक अण्वस्त्रमुक्त ठरवला, तो या अनुभवाच्या पोटी आला. म्हणून दोन बड्या सत्तांपैकी कोणाची बाजू घेणार, असे विचारले की ही बेटे प्रश्नच बदलतात. तुवालूने ऑस्ट्रेलियाशी नोव्हेंबर २०२३ मध्ये जो फालेपिली करार केला, त्यात दोन्ही बाजूंच्या क्रमवारी अगदी शेजारी-शेजारी ठेवलेल्या दिसतात. ऑस्ट्रेलियाला मिळाले ते हे, की तुवालूने इतर कोणाशी सुरक्षाविषयक व्यवस्था करायची तर ती परस्पर संमतीने करावी. तुवालूला मिळाले ते हे, की दरवर्षी २८० नागरिकांना ऑस्ट्रेलियात राहण्याचा मार्ग खुला होईल आणि जमीन समुद्राखाली गेली तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व मान्य राहील. सार्वभौमत्वाचा एक भाग देऊन सार्वभौमत्वाचेच सातत्य विकत घेतले, असे याचे वर्णन करता येईल. हा सौदा तुवालूला महाग पडला का, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही.

आता आफ्रिकेकडे वळू. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, ३५ देश तटस्थ राहिले. आफ्रिकेच्या ५४ देशांपैकी २८ बाजूने, एरिट्रिया विरोधात, १७ तटस्थ आणि ८ अनुपस्थित होते. वृत्तपत्रांनी तटस्थांची चर्चा केली. मला मात्र बाजूने पडलेले केनियाचे मत अधिक बोलके वाटते. त्याआधी २१ फेब्रुवारीच्या रात्री सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी जे भाषण केले, त्याचा युक्तिवाद युरोपचा नव्हता. आमच्या सीमा आम्ही आखलेल्या नाहीत, लंडन, पॅरिस आणि लिस्बनसारख्या दूरच्या राजधान्यांत त्या आखल्या गेल्या. तरीही आम्ही त्या स्वीकारल्या, कारण रक्त, धर्म आणि वंश यांच्या आधारे सीमा बदलत बसलो असतो तर अजूनही लढत असतो, असा त्याचा मथितार्थ होता. यामागे आफ्रिकी ऐक्य संघटनेचा १९६४ चा कैरो ठराव आहे, ज्याने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा कायम मानल्या. आणि केनियाचा स्वतःचा घाव आहे, कारण १९६३ ते १९६७ या काळात ईशान्येकडचा भाग सोमालियाला जोडू पाहणाऱ्यांशी तो देश लढला होता. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. दक्षिण आफ्रिकेने तटस्थ राहण्यामागेही आठवणच होती, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याला मिळालेल्या सोव्हिएत मदतीची. मात्र त्या सोव्हिएत संघात युक्रेनही होता, हे त्या आठवणीत सोयीस्करपणे विसरले जाते.

येथे मूळ प्रश्नातील शंकेला पुरेसे वजन दिले पाहिजे. प्रदेशाचे नाव ढाल म्हणून वापरले जाते, हे खरे आहे. जुलै २०१२ मध्ये नॉम पेन्ह येथे ‘आसियान’च्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक दक्षिण चीन समुद्रातील वादाचा उल्लेख करायचा की नाही यावर अडली, आणि संघटनेच्या ४५ वर्षांच्या इतिहासात प्रथमच संयुक्त निवेदन निघाले नाही. उल्लेख हवा असलेले फिलिपिन्स आणि तो नको असलेला यजमान कंबोडिया, दोघेही ‘आसियान’च्या एकतेच्या नावानेच बोलत होते. तेव्हा ‘प्रदेशाचा दृष्टिकोन’ कोणी सांगू लागला की, त्या प्रदेशातल्या कोणत्या राजधानीतून तो बोलतो आहे, हे आधी विचारावे.

तरीही हितसंबंधांचा हिशेब एकट्याने पुरत नाही, याची सर्वांत चांगली परीक्षा मला तांबड्या समुद्रात दिसते. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, मोठ्या जहाज कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा धरला, आणि सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मधील सुमारे १०.२५ अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरवर आले. परकीय चलनाची चणचण असलेल्या इजिप्तइतके नुकसान क्वचितच कोणाचे झाले असेल. शिवाय याच समुद्रासाठीच्या बहुराष्ट्रीय नौदल पथकाचे नेतृत्व इजिप्तने डिसेंबर २०२२ मध्ये स्वीकारले होते, म्हणजे सवयीचाही प्रश्न नव्हता. असे असूनही डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने तिथल्या जहाजांच्या रक्षणासाठी बहुराष्ट्रीय मोहीम जाहीर केली तेव्हा अरब देशांपैकी उघडपणे नाव आले ते फक्त बहारीनचे. हुतींनी हल्ल्यांचा संबंध गाझाशी जोडला होता, आणि त्या क्षणी त्या आघाडीत दिसण्याची देशांतर्गत राजकीय किंमत कैरोला कालव्याच्या तोट्यापेक्षा मोठी वाटली. तोटा मोजता येत होता. ही किंमत मोजता येत नव्हती, आणि दृष्टिकोन बहुधा अशा न मोजता येणाऱ्या रकान्यातच असतो.

मग ओळखायचे कसे? संयुक्त निवेदने जरूर वाचावीत, पण त्यात काय आहे यापेक्षा मागच्या वर्षीच्या निवेदनातला कोणता शब्द गळला आणि कोणत्या देशाचे नाव टाळण्यासाठी वाक्य कर्मणी प्रयोगात गेले, ते पाहावे. धोरणपत्रांतली धोक्यांची यादी वाचावी आणि तिच्या शेजारी त्याच वर्षाची खरेदी ठेवावी: पाणबुड्या घेतल्या की मासेमारीवर लक्ष ठेवणाऱ्या गस्ती नौका. प्रदेशातल्या लोकांचे लेखन त्यांच्या भाषेत, निदान त्यांच्या शब्दांसह वाचावे. ‘तानाह आईर’ हा शब्द मला कोणत्याही गोपनीय अहवालाहून अधिक उपयोगी पडला. आणि घोषणांपेक्षा बांधकामाकडे जास्त लक्ष द्यावे.

हे शेवटचे सूत्र फिनलंडने शिकवले. कित्येक दशके लष्करी गटांपासून दूर राहिलेल्या या देशाने मे २०२२ मध्ये नाटोकडे अर्ज केला आणि ४ एप्रिल २०२३ रोजी तो सदस्य झाला, तेव्हा अनेकांनी हे एका रात्रीतले मतपरिवर्तन मानले. पण रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या आणि १९३९-४० चे १०५ दिवसांचे हिवाळी युद्ध न विसरलेल्या फिनलंडने शीतयुद्ध संपल्यावरही सक्तीची लष्करी सेवा सोडली नव्हती, आणि मोठ्या नव्या इमारतीखाली आश्रयस्थान बांधण्याचा कायदाही सोडला नव्हता. पंचावन्न लाखांच्या या देशात सुमारे ५०,५०० आश्रयस्थाने आहेत, त्यांत सुमारे ४८ लाख माणसे मावतात. हेलसिंकीच्या इटाकेस्कुस भागात खडकाच्या पोटात एक सार्वजनिक जलतरण तलाव आहे. मुले तेथे पोहायला शिकतात, आणि गरज पडली तर ७२ तासांत ती जागा रिकामी करून हजारो लोकांच्या आश्रयासाठी तयार करायची असते. अलिप्ततेच्या काळात प्रसिद्ध झालेल्या कागदांपेक्षा हा तलाव पाहणाऱ्याला २०२२ चा अर्ज कमी अनपेक्षित वाटला असता.